शेवटच्या नंबराचा कॅप्टन

पाच वर्षांत कंपनीतल्या ज्या कॅप्टन हायकोने देवदत्त टिपणीसला कधी घरचा उंबरा दाखवला नव्हता, त्याने एका आठवड्यात दोनदा चहाला बोलावलं, तेव्हा ऊर्मिलाच्या मनात पाल चुकचुकली. देवदत्तला मात्र केक आवडला.

एम्डेन हे जर्मनीतलं, उत्तर समुद्राच्या काठावरचं गाव. तिथल्या एका छोट्या कंपनीत देवदत्त हेलिकॉप्टर उडवायचा. समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर कामगार नेऊन सोडायचे आणि आधीचे दमलेभागलेले परत आणायचे, हे काम. उडवायचा तो डाव्या खुर्चीत बसून, म्हणजे को-पायलट म्हणून. हेलिकॉप्टरमध्ये कॅप्टन उजवीकडे बसतो, आणि मधलं अंतर हातभर असलं तरी पगारात ते चांगलंच रुंद होतं. मुंबईत असताना तो बॉम्बे हायवर उडत होता, दोन-चार वर्षांत कॅप्टनही झाला असता. पण ऊर्मिलाला ओल्डेनबुर्गला पीएचडी मिळाली आणि हा बायकोमागे आला. लायसन्सच्या सगळ्या परीक्षा इथे पहिल्यापासून दिल्या. सासरी त्याबद्दल त्याचं फार कौतुक होतं, माहेरी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आईकडे, जरा कमी.

उजव्या खुर्चीसाठी आता एकच गोष्ट उरली होती: परीक्षकाला शेजारी बसवून एक फेरी करून दाखवायची. ही चेक फ्लाइट दोन वर्षं रखडली होती. कधी परीक्षक ओनो सुट्टीवर, कधी धुकं, कधी पैसे नाहीत. देवदत्तने एकदाही विचारलं नाही. आपण कशाला मागायचं, वेळ आली की देतील, अशी त्याची पुण्यात घडलेली समजूत. जर्मन माणूस न मागता फक्त दंडाची पावती देतो, हे त्याला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग २००८च्या वसंतात म्हाताऱ्या मालकाने कंपनी हॅम्बुर्गच्या एका मोठ्या कंपनीला विकली. एक जुलैपासून दोन्हींची एकच यादी होणार होती. नव्या साहेबांनी येऊन कॉफी पाजली आणि जाता जाता सांगितलं की एम्डेनला एक कॅप्टन आणि दोन को-पायलट जास्त होतात. त्याच आठवड्यात ओनोला चेक फ्लाइटसाठी तारीख सापडली. ती शोधून दिली होती हायकोने.

"बघ," देवदत्त म्हणाला, "माणसाने काम करत राहावं."

"हो ना," ऊर्मिला म्हणाली. "दोन वर्षं तू काय करत होतास, पत्ते पिसत होतास?"

चहाच्या वेळी हायकोची बायको आंट्ये कपात खडीसाखर टाकून वर सायीचा थेंब सोडत होती, आणि थांबतच नव्हती. त्या भागात कपात चमचा उभा केला नाही तर ओतत राहतात. देवदत्तला ते पाच वर्षांत कळलं नव्हतं, कारण आजवर कुणी ओतलंच नव्हतं. हायको परीक्षेच्या युक्त्या सांगत होता. त्याची दोन मुलं देवदत्तच्या लेकीला, ईप्सिताला, ट्रॅम्पोलिन दाखवत होती आणि आंट्ये त्या तिघांकडे खिडकीतून बघत होती. ऊर्मिला आंट्येकडे बघत होती.

रविवारी इंगोलश्टाटहून रुपेशचा फोन आला. हा ऊर्मिलाचा थोरला भाऊ, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. सल्ला फुकट द्यायचा, आणि तो बहुतेक वेळा खरा निघायचा, म्हणून जास्त खटकायचा.

"काय देवदत्तराव, अभिनंदन करू की थांबू?"

"थांबायचं कशाला?"

"आल्झो, मी आधी होतो ती सप्लायर कंपनी विकली गेली तेव्हा मी ग्रुपलायटर, म्हणजे गटप्रमुख, होता होता राहिलो. रडलो होतो घरी, विचारा तुमच्या वहिनींना. जे तेव्हा ग्रुपलायटर झाले ते आज न्युरेम्बर्गला नोकरीचे अर्ज टाकतायत. तुमच्याकडे माणसं कमी करणार आहेत ना? मग सोत्सियालआउसवाल लागणार."

"ते काय असतं?"

"कुणाला आधी घरी पाठवायचं याची रीत. वय किती, नोकरी किती वर्षं, पोरंबाळं किती. ज्याचा भार जास्त तो राहतो. पण हे मोजतात पंगतीपंगतीने. को-पायलटला को-पायलटच्या शेजारी बसवून, कॅप्टनला कॅप्टनच्या. तुमच्या पंगतीत कोण आहे?"

"चार पोरं. सगळी पंचविशीतली, बिनलग्नाची."

"गेनाऊ, बरोबर. म्हणजे तिथे तुम्ही आजोबा. कुणाची टाप आहे हात लावायची? आणि पलीकडच्या पंगतीत?"

देवदत्तने मनातल्या मनात पंगत मांडली. ओनो, मग दोघं जुने, आणि शेवटी हायको. हायको त्याच्याहून वयाने मोठा, कंपनीत आधीपासूनचा, आणि त्याची मुलं दोन.

"तिथे मी शेवटच्या पाटावर," तो सावकाश म्हणाला.

"आणि त्यांना एक पाट उचलायचाय," रुपेश म्हणाला. "ऊर्मीला द्या जरा फोन."

ऊर्मिलाने फोन घेतला, ऐकला, ठेवला. मग म्हणाली, "हायको तुला चहा पाजत नव्हता. स्वतःच्या खाली तुझा पाट मांडत होता."

"पण परीक्षा माझ्या हक्काची आहे."

"आहेच. दोन वर्षं हक्क कुठे निजला होता?"

"आता नाही दिली तर नवी कंपनी तीन वर्षं कुणाला वर घेणार नाही. त्यांनी सांगितलंय तसं. मग मी त्रेचाळिसाव्या वर्षीही डावीकडेच."

"आणि दिलीस तर ऑक्टोबरात कुठेच नाहीस. माझं कंत्राट मार्चपर्यंत. त्यानंतर व्हिसाच्या बाईसमोर आपण दोघं काय दाखवणार, तुझ्या खांद्यावरच्या पट्ट्या?"

"बॉम्बे हायवरचा चंद्रशेखर म्हणतो मुंबईला ये, जुहूला कॅप्टन हवेत."

"मग जा. ईप्सिताला मराठी वाचायला तू शिकव, बाराखडीपासून."

बाजूच्या खोलीतून ईप्सिताने विचारलं, "पापा, विर्स्ट दू येत्स्ट कापितेन?" पापा आता कॅप्टन होणार, असं तिने वर्गात सांगून टाकलं होतं. देवदत्त म्हणाला, "झोप तू." दुपारचे चार वाजले होते.

पुढचे दिवस त्याने हिशोबात घालवले. परीक्षा दिली तर पगार वाढणार, पण तीन महिन्यांपुरता. नाही दिली तर पगार तोच, पण टिकणारा. इथपर्यंत आकडेमोड सरळ होती. मग त्यात हायको शिरायचा आणि बेरीज विस्कटायची. आपण शेवटच्या पाटावर बसलो नाही, तर तिथे आत्ता जो बसलाय तो उठणार.

"मी परीक्षा दिली नाही तर त्याची नोकरी जाते," तो ऊर्मिलाला म्हणाला.

"मला दिसतंय ते," ती म्हणाली. "आंट्येचा चेहरा मी तुझ्याआधी वाचला." आणि ती भांडी आवरायला लागली, जरा जास्तच आवाज करत.

नवऱ्याची नोकरी वाचवणं सोपं होतं. ती कुणाच्या घरातून वाचवतोय हे माहीत असताना वाचवणं कठीण, आणि ऊर्मिला मुळात भित्री नसली तरी निगरगट्टही नव्हती.

देवदत्तला झोप येईना. डोळा लागला की स्वप्नात कुणीतरी पुढ्यातलं जेवणाचं पान उचलून न्यायचं.

परीक्षेच्या सकाळी तो द्यायची असं ठरवून निघाला. तळावर पोचेपर्यंत नाही द्यायची असं ठरलं, आणि गाडी लावेपर्यंत पुन्हा द्यायची असं. ओनोने हवामानाचा कागद पुढे सरकवला. वारा वायव्येचा, ढग खाली, पण मर्यादेत. देवदत्तने वाऱ्याचा आकडा वाचला. खाली बघून वर बघितलं तर आकडा डोक्यातून गेला होता. पुन्हा वाचला, पुन्हा गेला.

उड्डाणाआधी प्रत्येक पायलटला एक शब्द विचारायची रीत होती. ओनोने कागदावरून मान वर न काढता विचारलं, "फिट?"

या प्रश्नाला 'निश्ट फिट', म्हणजे फिट नाही, म्हटलं तर कुणी कारण विचारत नाही, टोमणा मारत नाही, नाव पुसून दुसरं लिहितात. देवदत्तला ही सोय नेहमी आळशांची वाटत आली होती. आपल्याकडे दुखणं अंगावर काढतात. त्याने पाच वर्षांत सर्द्या, पाठदुखी आणि सासऱ्यांच्या ऑपरेशनची काळजी, सगळं अंगावर काढलं होतं आणि 'फिट' म्हटलं होतं. आता दोन वेळा वाचलेला आकडा त्याला सांगता येत नव्हता, आणि मागे अकरा माणसं बसणार होती.

"निश्ट फिट," तो म्हणाला.

त्यात झोप किती होती आणि हिशोब किती, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

ओनोने फळ्यावरचं नाव पुसलं. "गुट. नवी तारीख आता हॅम्बुर्गवाले देतील," तो म्हणाला, म्हणजे देणार नाहीत. मग दाराकडे वळून त्याने हाक मारली, "हायको, फिट?"

हायको दारातच उभा होता. त्याने पुसलेल्या नावाकडे बघितलं, मग देवदत्तकडे.

"फिट," तो म्हणाला.

ओनो मशीन बघायला बाहेर गेला. हायको समुद्रावर घालायचा नारिंगी सूट चढवायला लागला.

"मोजलंस तू," हायको म्हणाला.

"झोपलो नाही मी. तीन रात्री."

"मी आठवडाभर नाही झोपलो."

देवदत्त उठला. "मग तूही सांग ओनोला."

हायकोने चेन गळ्यापर्यंत ओढली. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "शेवटच्या नंबरावरचा माणूस 'निश्ट फिट' म्हणत नाही, देव. तू बसला असतास तिथे तर तूही म्हणाला नसतास."

तो गेल्यावर देवदत्त धावपट्टीवर ओनोच्या मागे गेला. वाऱ्यात ओरडून म्हणाला, "हायकोला परत विचार."

"विचारलं," ओनो म्हणाला. "फिट म्हणाला. एकदा विचारतात." त्याने देवदत्तकडे क्षणभर निरखून बघितलं. "मी शेजारी बसतोय ना. घरी जा."

मशीन उठलं, बंधाऱ्यावरून तिरकं होऊन ढगात गेलं. देवदत्त परत आत येऊन रेडिओजवळ बसला. थोड्या वेळाने ऊर्मिलाचा फोन आला.

"झाली?"

"दिली नाही."

"मग घरी ये. पोहे करते."

"येतो," देवदत्त म्हणाला. "हायको उतरू दे."