छप्पन्न लिहा, अठ्ठेचाळीस ओढा

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. मला पाहून माझे काम सहसा कोणाला ओळखता येत नाही. एका लोखंडी खांबावर मी उभा आहे. माझ्या डोक्यावर सहा पकडी आहेत आणि एका बाजूला एक ओढणारा हात. मागे घरी आलेल्या एका पाहुण्यांनी मला बराच वेळ न्याहाळले आणि शेवटी विचारले, "फळांचा रस काढायचं आहे का हो हे?"

मी टेनिसच्या रॅकेटला जाळी बांधतो. खेळाडू याला गटिंग म्हणतात. रॅकेटची चौकट माझ्या पकडींत बसवायची, दोरा भोकातून ओवायचा आणि मी तो सांगितलेल्या ताणाने ओढायचा. ताण पौंडांत मोजतात. जाळी घट्ट असली तर चेंडू मुठीत राहतो, पण हाताला हादरे बसतात. ती सैल असली तर हाताला सुख मिळते, पण चेंडू सुसाट पळतो. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे कळेल.

एका लहान कारखान्यात माझी जुळणी झाली. माझे शेवटचे स्क्रू पिळणाऱ्या कारागिराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते मास्तरांनी. मास्तर आधी वेताच्या खुर्च्या विणत असत. पहिली रॅकेट माझ्यावर चढवताना ते स्वतःशीच म्हणाले, "उभं आधी, आडवं मग. एक वर, एक खाली. खुर्ची काय नि रॅकेट काय, फक्त बसणारा बदलला." त्या दिवसापासून आमची जोडी जमली. रोज सकाळी चहाच्याही आधी ते माझ्या हाताला ताणकाटा लावून मी खरे ओढतो की नाही ते तपासत. सव्वीस वर्षांत हे एकदाही चुकले नाही. त्यांची लेक थट्टेने म्हणे, "बाबा, माझा ताप कधी एवढ्या वेळा मोजला नाहीत."

"तुला ताप आला तर तू रडून सांगायचीस," मास्तर म्हणत. "हे बिचारं सांगणार कसं?"

वर्षातून दोन आठवडे मास्तर मला एका मोठ्या स्पर्धेला नेत. जगभरचे खेळाडू तिथे येत. आमची खोली प्रेक्षकांच्या बैठकांच्या बरोबर खाली होती. तिला खिडकी नव्हती. वर टाळ्या पडल्या की छताची पांढरी भुकटी आमच्यावर झरे. भिंतीवर छोटा टीव्ही होता, पण मास्तरांना तो लागत नसे. एखादा नामांकित खेळाडू नवख्याकडून हरला, की टाळ्यांच्या आधी हजारो माणसे एकदम गप्प होत. "पडला कोणीतरी मोठा," असे म्हणून मास्तर हातातला दोरा पुढे ओवत.

खेळाडूंचे स्वभाव आम्ही रॅकेटवरून ओळखायचो. एक खेळाडू मुलगी पहिल्याच फेरीत अनोळखी मुलीकडून हरली, तरी जाण्याआधी खोलीत आली आणि म्हणाली, "मास्तर, जाळी सुरेख होती हो. माझंच चित्त नव्हतं." दुसरा एकजण जिंकूनसुद्धा रॅकेट पायाखाली घाली. मास्तर म्हणत, "हरलेला माणूस आधी रॅकेटकडे बघतो, मग पंचाकडे, मग आकाशाकडे. आरशाकडे बघेपर्यंत गडी घरी पोचलेला असतो."

या खोलीचा एक नियम होता. कोणत्या खेळाडूने किती पौंड सांगितले, हे बाहेर कोणाला सांगायचे नाही. रॅकेटच्या मानेवर कागदाची लहान पट्टी चिकटवून तिच्यावर आकडा लिहीत, पण ती खेळाडूच्या सोयीसाठी. मास्तरांच्या तोंडून आकडा कधी फुटला नाही. लेक एका ग्रंथालयात काम करायची. दुपारच्या सुट्टीत ती मास्तरांचे जेवण घेऊन येई आणि मुद्दाम खोदून विचारी. मास्तर घास चावत म्हणत, "खोलीतलं खोलीत."

आमच्या खेळाडूंपैकी एकाला सगळे 'वादळ' म्हणत. सतराव्या वर्षी तो पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या रॅकेटची मूठ चिकटपट्टीने बांधलेली होती. पुढे तो तीनदा ही स्पर्धा जिंकला. मास्तरांशिवाय तो दुसऱ्या कोणाला रॅकेट देत नसे. त्याचा आकडा छप्पन्न. नऊ वर्षे तो बदलला नाही.

मग ते वर्ष आले. त्या हिवाळ्यात मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. नव्या चष्म्यातून त्यांना पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसे, पण लोकांना एवढेच ठाऊक की मास्तरांचे डोळे कापले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वादळचा प्रशिक्षक आला आणि त्याने दार आतून लावून घेतले.

"मास्तर, या वेळी त्रेपन्न ओढा."

मास्तरांनी मान वर केली. "कोपर?"

प्रशिक्षकाने बंद दाराकडे नजर टाकून मान डोलावली. नंतर म्हणाला, "पट्टीवर मात्र छप्पन्नच लिहा. पट्टी कॅमेऱ्यात दिसते. समोरच्यांना वास लागला, तर दर चेंडू त्याच्या दुखऱ्या बाजूला मारतील. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"खोटा आकडा मी कधी लिहिला नाही."

"त्याच्यासाठी लिहा. तुमच्या डोळ्यांसमोर वाढलाय तो."

मास्तर बराच वेळ दोरा ओवायचा टोचा बोटांत फिरवत बसले. मग त्यांनी छप्पन्न लिहिले आणि माझा काटा त्रेपन्नावर आणला. मित्रांनो, चूक म्हणायची तर ही एकच. दुसऱ्या फेरीला एक्कावन्न झाले. चौथ्या फेरीच्या सकाळी प्रशिक्षक आला तो हळूच म्हणाला, "छप्पन्न लिहा, अठ्ठेचाळीस ओढा." मास्तरांनी ओढताना दोनदा काटा पाहिला. चारही रॅकेट झाल्यावर जाळीवर नखाने टिचकी मारून त्यांनी आवाज ऐकला आणि मान हलवली. ती हळहळ कामाची नव्हती, कोपराची होती.

त्या दिवशी समोर चौतीस वर्षांचा एक गडी होता. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या होत्या आणि पात्रता फेऱ्या खेळून तो इथवर आलेला. त्याला कोणी हिशेबात धरले नव्हते. ऊन कडक होते. उन्हात चेंडू हलका होतो आणि अठ्ठेचाळीसच्या जाळीवरून तर तो सुटलेल्या वासरासारखा पळतो. वादळचे फटके रेषेबाहेर जाऊ लागले. पहिला डाव गेल्यावर त्याने पहिली रॅकेट आपटली. दुसऱ्या डावात दुसरी. तिसरी त्याने बाकावर इतक्या वेळा हाणली, की चेंडू वेचणारी मुले मागे सरकली. मग तो पंचाच्या उंच खुर्चीखाली जाऊन ओरडला, "या बांधल्या कोणी? आंधळ्यानं?"

त्या दिवशी मात्र मास्तर टीव्ही बघत उभे होते. ते खाली बसले.

वर सगळे गप्प झाले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला आणि छताची भुकटी मास्तरांच्या चष्म्यावर पडली. ती त्यांनी पुसली नाही.

वार्ताहरांपुढे वादळ म्हणाला, "मास्तरांचं वय झालंय. मला वाईट वाटतं, पण आकडे दिसत नसतील तर माणसानं थांबावं." स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी न तुटलेली चौथी रॅकेट मोजली. पट्टीवर छप्पन्न, जाळीत साडेसत्तेचाळीस. अर्धा पौंड कोणत्याही दोऱ्यातून तासाभरात जातो, त्याला कोणी दोष देत नाही. उरलेल्या आठ पौंडांना उत्तर नव्हते. प्रशिक्षकाला विचारले, तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आम्ही छप्पन्नच सांगितलं होतं. लिहिलेलंच आहे की."

अधिकारी खोलीत आले, त्यांनी मला ताणकाटा लावला. मी बरोबर निघालो. यंत्र बरोबर म्हणजे माणूस चुकला, असा सरळ हिशेब झाला. मास्तरांना विचारले, "काही सांगायचंय?"

"नाही," मास्तर म्हणाले.

सांगितले असते, तर वादळचे कोपर संपले हे संध्याकाळच्या आत जगाला कळले असते. पुढे कोणी त्याला सुखाने खेळू दिले नसते. मास्तरांना घालून पाडून बोलणारा तो, आणि झाकून घेणारे मास्तर. मला राग आला. पण लोखंडाच्या रागाला कोण विचारतो?

लेक धावत आली. तिचा चेहरा पडला होता. तिने वडिलांचा हात धरला आणि अगदी मऊ आवाजात विचारले, "बाबा, चष्मा लावला होता ना?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. "लावला होता," ते म्हणाले. मला वाटते, ते आणखी एका प्रश्नाची वाट बघत होते. लेकीला वाटले, त्यांना लाज वाटते आहे, त्यांना अधिक छळू नये. मायेपोटी तीही गप्प बसली.

दोन आठवडे संपले आणि मास्तर मला घरी घेऊन आले. पुढच्या वर्षीच्या बोलावण्याची ते वाट बघू लागले. सकाळी ताणकाटा लावणे चालूच होते. एके दिवशी कार्यालयाचे पाकीट आले. लेक घरी नव्हती. मास्तरांनी ते माझ्याजवळ उभे राहूनच वाचले, मोठ्याने, जसे ते नवे सुटे भाग आले की माहितीपत्रक वाचत. 'आपल्या कन्येने आपल्या वतीने पाठवलेले क्षमापत्र मिळाले. दृष्टिदोषामुळे चूक झाल्याची कबुली दिल्याबद्दल आभारी आहोत. प्रकरण येथेच मिटवत आहोत. आपले नाव यादीतून कमी केले आहे.' सोबत तिच्या पत्राची प्रत होती.

तिने ते वडिलांना न सांगता लिहिले होते. त्यांना पुन्हा बोलवावे, सव्वीस वर्षांच्या कामाकडे पाहून एक चूक पोटात घालावी, अशी विनंती होती. मित्रांनो, त्यातला शब्द न् शब्द प्रेमाचा होता.

लेक घरी आली. टेबलावरचे पत्र बघून ती जागीच थिजली. "बाबा, मी... तुम्हाला परत घेतील म्हणून..."

"अगं, किती सुंदर लिहिलंयस," मास्तर म्हणाले. "अक्षर तर मोत्यासारखं. चल, हातपाय धू. जेवायला बसू."

दुसऱ्या सकाळी ताणकाटा आला नाही. मास्तर जुनी चादर घेऊन आले. ती माझ्यावर घालताना ते जे बोलले, ते मी एकट्याने ऐकले. "आता तोंड उघडलं तर पोरगी तोंडघशी पडेल. राहू दे."

त्यानंतर तीन वर्षे ते जगले. हसत होते, पुस्तके वाचत होते, शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या विणून देत होते. रॅकेटचे नाव मात्र त्यांनी काढले नाही. शेवटच्या आजारात लेकीने त्यांना लहान मुलासारखे जपले. औषध देताना ती मापाच्या चमच्यावरचा आकडा वाचून दाखवी. त्यांना तो दिसत होता, तरी ते ऐकून घेत.

ते गेल्याला दोन महिने झाले होते. वादळने निवृत्ती जाहीर केली आणि टीव्हीवर त्याची मुलाखत लागली. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. तो आरामात हसत म्हणाला, "कोपराची काय गंमत सांगू! त्या वर्षी तर अठ्ठेचाळीसवर खेळलो, आणि पट्टीवर छप्पन्न! कोणाला पत्ता लागू दिला नाही." मुलाखत घेणाराही हसला. पुढचा प्रश्न त्याच्या नव्या बंगल्याबद्दल होता.

लेकीच्या हातात मास्तरांचाच सदरा होता. तिने त्याची घडी पुरी केली. मग उठून स्पर्धेच्या कार्यालयाला फोन लावला.

"मी तीन वर्षांपूर्वी एक पत्र पाठवलं होतं," ती म्हणाली. "ते मला परत घ्यायचंय."

पलीकडची बाई भली होती. तिने शोधले, वेळ घेतला. "बाई, ते प्रकरण मिटलेलं आहे. मिटलेल्या प्रकरणांचे कागद आम्ही दोन वर्षांनी नष्ट करतो. काळजी करू नका, आता कुठेच काही नाहीये."

"पण त्यात खोटं आहे. मी खोटं लिहिलंय."

"मग चांगलंच की, कागदच उरला नाही."

"अहो, पण तुमच्याकडे ते खरं म्हणूनच..." पलीकडची बाई दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

लेकीने माझ्यावरची चादर काढली. माझ्या ओढणाऱ्या हातावर तिने कपाळ टेकले आणि ती खूप वेळ तशीच उभी राहिली. रडली असेल तर आवाज आला नाही. हे तिने वडिलांकडूनच घेतले असावे.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी आम्ही यंत्रे तेलपाणी मागतो, ऊनपावसापासून जपा म्हणतो. मला ते नको. गंज चढला तर चढू दे. माझे मागणे वेगळे आहे. तुमचा खेळाडू हरला आणि त्याने कोणाकडे बोट दाखवले, तर त्या बोटामागे लगेच धावू नका. आणि ते बोट तुमच्या घरातल्या माणसाकडे वळले, तर त्याच्या वतीने माफी मागायची घाई करू नका. माफी देणारे पुष्कळ भेटतात. त्याच्याजवळ बसा. चष्म्याचे विचारू नका, वयाचे विचारू नका. "काय झालं?" एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. मास्तर नियम मोडून बोलले असते की नाही, हे मलाही सांगता येणार नाही. पण घरातल्या कोणीतरी त्यांना विचारले होते, एवढे तरी त्यांच्यापाशी राहिले असते.