वाचनवर्गातले खाचेचे टेबल

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, सुताराचे मोजमाप चुकले असावे. मी एक जुने टेबल आहे, अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका कॉलेजचे. एका बाजूने अर्ध्या चंद्रासारखे गोल आणि दुसऱ्या बाजूला मधोमध मोठी खाच. खाचेत शिक्षकाने बसायचे, गोल कडेला मुलांनी. कॉलेजच्याच सुतारशाळेत मेपलच्या लाकडातून मला घडवले, आणि कडा अशा घासल्या की लहान कोपरांना कधी ओरखडा आला नाही.

माझ्या खोलीत शिकवणाऱ्यांनाच शिकवत असत. शाळेत बरीच वर्षे काढलेले शिक्षक उन्हाळ्याच्या सुटीत पुढची पदवी घ्यायला येत. विषय एकच, मुलांना वाचायला कसे शिकवावे. सकाळी पुस्तकी तास. दुपारी प्रत्येकाने आळीपाळीने वाचनात मागे पडलेले एक मूल घेऊन माझ्यापाशी बसायचे. भिंतीत एक काच होती. आमच्या बाजूने तो नुसता आरसा, पण पलीकडून सगळे आरपार दिसे. प्राध्यापिका हॅस्किन्सबाई आणि बाकीचे शिक्षक तिच्यामागे बसून पाहत.

बाईंचा नेम कडक. मूल अडले की शिक्षकाने दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवायचे, ओठ मिटायचे आणि थांबायचे. किती जणांची घालमेल मी अशी अंगावर झेलली असेल!

सगळ्यांत जास्त आठवतात ते लोर्ना स्टिडमचे हात, खडूने कोरडे पडलेले आणि ऊबदार. तिने आपल्याच शाळेतली डेल्फी नावाची मुलगी आणली होती. त्या उन्हाळ्यात डेल्फीला आपले आपण वाचता आले नाही, तर शाळा तिला पुन्हा दुसरीतच बसवणार होती, आणि धाकटी बहीण तिच्या शेजारच्या बाकावर येणार होती.

लोर्नाची चूक मायेची होती. डेल्फी अडली रे अडली की हिच्या तोंडून शब्द सुटलाच. मग डेल्फीही पुस्तकाकडे कमी आणि लोर्नाच्या ओठांकडे जास्त पाहू लागली.

"लोर्ना, आज वाचलं कोणी? तू की पोरीनं?" हॅस्किन्सबाईंनी एकदा विचारले.

"मॅडम, तिचा चेहरा इतकासा होतो हो. माझ्याच्यानं बघवत नाही."

"मी सांगू?" वर्गातला धिप्पाड बर्ल टॅकेट म्हणाला. तो एका शाळेत खेळ शिकवायचा. "उद्या तोंडात मक्याचा पाव कोंबून बस. भरल्या तोंडानं सांगशील कशी?"

"तू नाही का रोज बोलत भरल्या तोंडानं!" लोर्नाने उलट टोला दिला.

सगळे हसले, लोर्नाही हसली. पण खोली रिकामी झाल्यावर ती माझ्यावर कपाळ टेकून बसली. हात जोडलेले होते. काय मागितले ते तिच्या देवालाच ठाऊक.

शेवटचा तास आला. "शाळेला काय कळवायचं ते आज ठरेल," असे सांगून हॅस्किन्सबाई काचेमागे गेल्या. डेल्फीपुढे एका हट्टी खेचराची गोष्ट होती. पहिले पान बरे गेले. दुसऱ्यावर ती एका शब्दापाशी थांबली आणि सवयीने वर पाहू लागली.

लोर्नाचे तळहात माझ्यावर पालथे झाले.

"मिस लोर्ना, सांगा ना."

लोर्नाने मान खाली घातली. तिची बोटे माझ्यात रुतत होती.

"काल तर सांगत होतात!" डेल्फीचे डोळे भरले. रागाने तिने माझ्या पायाला लाथ हाणली. मला मुळीच वाईट वाटले नाही. मग तिने नाक पुसले, पुस्तक पुढे ओढले आणि बोट वाक्याच्या सुरुवातीला नेले. एकेक अक्षराचा आवाज जोडू लागली. चुकली. पुन्हा मागे गेली. पुन्हा चुकली.

इथे लोर्नाचा धीर सुटला. उजवा हात माझ्यावरून उचलला गेला, ओठ उघडले.

"नको ना!" पुस्तकावरची नजर न काढता डेल्फीने तिचा हात खाली दाबला. "माझं चाललंय!"

आणि तिने तो शब्द वाचला. वाक्य वाचले. पान उलटले. काचेमागच्यांनी आवाज करायचा नसतो, पण बर्लची आरोळी भिंत भेदून आली.

डेल्फी दचकली. "आरशात कोण आहे?"

"बर्लमास्तर," लोर्ना डोळे पुसत म्हणाली. "त्यांना ओरडू दे. तू वाच."

त्या वर्षी डेल्फी तिसरीत गेली. लोर्नाला पदवी मिळाली, आणि पुढे कितीतरी उन्हाळे तिच्यासारखे हात माझ्यावर थांबायला शिकले.

आता त्या खोलीत संगणक आहेत. मूल अडले की यंत्र लगेच शब्द सांगून टाकते. मला बाहेरच्या व्हरांड्यात ठेवले आहे. अंगावर कॉफीचे भांडे असते, पेल्यांचे डाग असतात, आणि एक पाय डुगडुगतो. तक्रार नाही. फक्त कधीकधी लहान कोपरांची आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी धाकटे पुस्तक घेऊन बसले आणि अडले, तर शब्द लगेच त्याच्या हातात ठेवू नका. उठूनही जाऊ नका. जवळ बसून राहा. थांबणे फार जड जाते, ते मी पाहिले आहे. आणि माझ्यासारखे एखादे टेबल कुठे अडगळीत दिसले, तर त्यावर फडका फिरवा, पाय ठोकून घ्या आणि त्याच्याभोवती मुले बसवा. कॉफीचे भांडे काय, कुठेही राहील.