कागदावरच्या पराट्या

गॅसच्या नमुन्यात गंधक जास्त येऊ लागलं तेव्हा मी संशय घेतला तो मशीनवर. तीनदा साफ केलं, तरी आकडा खाली येईना. शेवटी मशीनच बिघडलंय असं ठरवून तीन महिने अहवालात जुनाच आकडा भरला आणि खाली सही ठोकली. शेखर सरांवर संशय घ्यायचं डोक्यातही आलं नाही. इतकी मी मूर्ख.

नांदगाव पेठेकडे आमचा कारखाना आहे. कापूस वेचून उरलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पराट्या, कमी हवेत तापवून त्यांचा गॅस करायचा आणि टाकीतल्या जिवाणूंना खाऊ घालायचा. ते इथेनॉल देतात. अकोल्याला कॉलेजात हे मला सरांनीच शिकवलं. पुढे ते इथे साहेब झाल्यावर प्रयोगशाळेत नोकरीही त्यांनीच दिली.

आमच्या गावात पराटी उपटेल त्या बाईची, असा शिरस्ता. शेतकरी मजुरी देत नाही. बाई शेत मोकळं करून देते आणि वर्षभराचं सरपण घरी नेते. तो शिरस्ता मोडायला सरांना मीच गावात नेलं. पराट्या चुलीत जाऊन नुसता धूर होतो, त्यापेक्षा पेट्रोलऐवजी चालणारं इंधन होईल, बदल्यात दर दोन महिन्यांनी भरलेलं सिलिंडर मिळेल, असं त्यांनी बायांना सांगितलं. पंचफुलामावशी, माझ्या आईची बहीण, आधी हो म्हणाली. मग बाकीच्याही म्हणाल्या. सिलिंडर एकदाच आलं.

परवा भट्टीमागच्या शेडमध्ये गेले तर कोळशाचा ढीग. पलीकडे आमच्या गावच्या पराट्या, गाठोडीसुद्धा न सोडलेल्या, बुरशी धरून पडलेल्या. गंधक कोळशातलं होतं; मशीन बिचारं खरं बोलत होतं.

तडक जाऊन विचारलं, तर सर जराही गडबडले नाहीत. पराटी हलकी, ट्रक भरतो पण वजन भरत नाही, ती आणून कापेपर्यंत लिटरचा खर्च कोळशाच्या दुप्पट होतो, असं त्यांनी वर्गात शिकवावं तसं समजावलं. जिवाणूंना कोळशाचा गॅसही चालतो, म्हणाले. आणि हवेचं काय, असं मी विचारलं. कोळशावर केलेल्या लिटरचा कार्बन पेट्रोलपेक्षाही जास्त भरतो, हे गणित त्यांनीच फळ्यावर मांडून दाखवलं होतं.

"कागदावर पराट्याच आहेत," ते म्हणाले. "त्यावरच तर हरित दाखला मिळाला. तू सही कर, बाकीचं मी पाहतो."

मी सही केली नाही. त्यात मोठेपणा काही नाही. आधीच्या तीन अहवालांवर माझीच सही आहे, आणि सरांनी ते माझ्याआधी ओळखलं होतं. ज्या माणसाला देवासारखं मानलं त्यानं मला नुसतं वापरलं होतं.

तशीच बस धरून गावी गेले. मावशी बाभळीच्या ओल्या काटक्या फुंकत होती, डोळे लाल झालेले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी मी म्हणाले, सरांनी मला फसवलं गं.

तिनं फुंकणी खाली ठेवली.

"त्यानं तुले फसवलं असन," ती म्हणाली. "पन आमी त्याले कुठं ओयखत होतो, बाई? आमी पराट्या तुले देल्या होत्या."