सोल्वायचा उजवा पाय

सोल्वाय आमच्या चर्चमध्ये वरच्या माडीवर ऑर्गन वाजवते. ऑर्गन वाजवायचा म्हणजे हातांइतकाच पायांचा मामला. हातांच्या पट्ट्या वर, पायांच्या लांब लाकडी पट्ट्या खाली, आणि खर्जाचे सगळे सूर पायांकडे. मी तिथे गायला उभी असते, तिच्यापासून हातभर अंतरावर. शिवाय राहायला तिच्या शेजारी. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

एका हिवाळ्यात रविवारची प्रार्थना संपल्यावर ती मागच्या दाराने बाहेर पडली, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर बर्फात जाऊन उभी राहिली. डोळे मिटून. कबरस्तान सांभाळणारा एस्किल तिथेच पायवाटेवर वाळू टाकत होता.

"सोल्वाय, अगं, हे काय चाललंय?"

"गप्प बस. आत्ता कुठे जरा बरं वाटतंय."

एस्किलने फावडं बाजूला ठेवलं आणि तिला आधाराला कोपर दिलं. तिने ते धरलं, डोळे न उघडता.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तिचं हाड बाहेर आलं होतं, छोट्या कांद्याएवढं, लालबुंद. अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता. डावा पायही तसाच होता, पण तो मुकाट असायचा. "वडिलांचे पाय आहेत," ती म्हणायची. "नाक त्यांचं, हट्ट त्यांचा, पायही त्यांचेच." त्यात ऑर्गनचे बूट चिंचोळे आणि पातळ तळव्यांचे. पट्टी पायाला कळावी म्हणून तसेच लागतात. ते त्या हाडाला नुसते पिळून काढायचे.

वर्षभर तिने उपाय केले. पुढून ऐसपैस असलेले बूट आणले. हाडाभोवती मऊ चकती लावली, बोटांमध्ये रबराची पाचर घातली, बुटात तळव्याला आधार देणारी गादी टाकली. टीव्हीसमोर बसून पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायची. संध्याकाळी गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी फडक्यात गुंडाळून पायावर. एका बाईने रात्री अंगठा सरळ बांधून ठेवायचा पट्टा दिला, तोही बांधला. सकाळी पट्टा सोडला की अंगठा आपला जुन्या जागी.

चालणं मात्र खरंच सुधारलं. खाडीकाठी माझ्याबरोबर फिरायला येऊ लागली. पण रुंद बूट ऑर्गनला चालेनात. एक पट्टी दाबायला जावं तर दोन दाबल्या जायच्या. बेकरीवाल्या विगोच्या अंत्यविधीला तर शेवटच्या गीतात असा काही आवाज निघाला की पुढच्या बाकावरचे सगळे मागे वळून बघायला लागले. सोल्वाय खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

एस्किल दारात टोपी हातात धरून उभा होता. "विगोला आवडलं असतं," तो म्हणाला. "तो स्वतः कुठे कधी एका सुरात गायला?"

ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

इस्पितळात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. एक्स-रे दाखवून म्हणाले, "हे हाड कापून सरळ करायचं आणि स्क्रूने धरून ठेवायचं. पण आधी सांगतो, पाय सुंदर दिसावा म्हणून करणार असाल तर करू नका. दुखणं आणि अडलेलं काम, एवढ्यासाठीच."

"आणि डावा?"

"दुखतो?"

"नाही."

"मग त्याला हात लावायचा नाही."

मग तिने विचारलं, की ऑर्गन पुन्हा वाजवता येईल ना? त्यांनी शब्द दिला नाही. अंगठा थोडा ताठ राहू शकतो, म्हणाले, सूज कित्येक महिने राहते, आणि क्वचित हाड पुन्हा वाकतंही. गाडीत बसल्यावर सोल्वायने आधी बूट सैल केला. मग म्हणाली, "निदान खोटं तरी नाही बोलला."

नाताळ झाला आणि तिने शस्त्रक्रिया करून घेतली. आठवडाभर पाय उशांच्या ढिगावर. मग एक कडक तळाचा बूट मिळाला, सगळा भार टाचेवर टाकायचा, पुढचा पाय टेकवायचा नाही. मी सूप नेऊन द्यायचे. एस्किल तिच्या दारातला बर्फ काढायचा. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तरी सगळ्यांच्या आधी तिचंच दार साफ असायचं.

बदली वाजवणारा काही मिळेना. आमच्या पाद्रीबाई मारेन म्हणाल्या, "थोडे दिवस यंत्रावर गाणी लावू या का? तयार मिळतात."

"माझे हात कापलेले नाहीत," सोल्वाय म्हणाली.

पुढच्या रविवारी ती बसून बसून, एकेक पायरी मागे सरकत वर माडीवर चढली. उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि फक्त हातांनी वाजवायला लागली. वाजलं ठीक, पण खालून खर्ज नसल्यामुळे सूर पाणी घातलेल्या दुधासारखा. लोक गाताना मागे रेंगाळायला लागले. दुसरं गीत संपलं तसं तिने मागे पाहिलं. स्टूल वर आणून देणारा एस्किल अजून भिंतीपाशी उभा होता.

"एस्किल, इकडे ये. मला तुझे पाय दे."

"माझे?" तो घाबरलाच. "मला सूर कळत नाही, तुला ठाऊक आहे. माझी बायको जिवंत असताना म्हणायची, तू गाऊ नकोस, गाई आटतील."

"गायचं कुठे आहे? दाबायचंय. मी सांगेन ती पट्टी."

खाली मारेनबाई आमच्याकडे मान वर करून बघत होत्या. एस्किलने लाकडी खडावा काढल्या आणि नुसत्या जाड लोकरी मोज्यांवर तिच्या शेजारी बाकावर बसला. ती पुटपुटायची, "डावीकडची. आता तिच्या शेजारची. सोड. परत." त्याचा पाय प्रत्येक वेळी जरा उशिरा पडायचा. गीत पुढे आणि खर्ज त्याच्या मागे धापा टाकत. पण खर्ज होता! खाली लोकांचा आवाज एकदम भरला.

मग रोज दुपारी सराव सुरू झाला. पट्ट्यांवर खडूच्या खुणा आल्या. पुढे पुढे ती बोलायचीही नाही, नुसता खांदा लावायची. इकडे खांदा म्हणजे ही पट्टी, सरळ बसली म्हणजे सोड. आम्ही गाणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायचो आणि पुस्तकात तोंड घालायचो.

ईस्टरला चर्च भरलं होतं. शेवटचं गीत संपलं, तिने हात उचलले, तरी खर्जाचा तो एक सूर चालूच राहिला. मारेनबाई आशीर्वादासाठी हात उचलून तशाच थांबल्या. मी पाहिलं तर सोल्वाय एस्किलकडे बघत होती आणि सरळ बसायचं विसरली होती.

"सोल्वाय," तो कुजबुजला, "सोडू का?"

"अं? हो. सोड, सोड."

वसंतात डॉक्टरांनी पाय तपासला आणि पायांनी वाजवायची परवानगी दिली. अंगठा सरळ झाला होता, दुखणं गेलं होतं. पण तो पूर्वीसारखा वाकत नव्हता. रोज हाताने खालीवर वाकवा, म्हणाले. सोल्वायने मऊ कातड्याचे जरा रुंद बूट शिवून घेतले आणि अंगठ्याऐवजी टाचेने जास्त दाबायची सवय केली. सूर पुन्हा एकट्या तिचे झाले. एस्किल माडीवर येईनासा झाला.

"येत नाही का तो?" मी विचारलं.

"कशाला येईल? काम संपलं," ती म्हणाली, आणि चुकीचं पान उघडलं.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या सणाआधीच्या शनिवारी मी माझ्या आईच्या कबरीवर फुलं लावत होते. एस्किल पलीकडे कुंपणाची झुडपं कापत होता. सोल्वाय हळूहळू चालत त्याच्यापाशी आली.

"माझा डावा पाय पण दुखायला लागलाय," ती म्हणाली. "कापावा लागेल बहुतेक. तुला परत बसावं लागेल बाकावर."

एस्किलची कात्री थांबली. "डावा? कधीपासून? अगं, आणि तू चालत कशाला आलीस! बस. इथे बस आधी." त्याने कुणाच्या तरी कबरीवरच्या दगडावर आपलं जाकीट अंथरलंसुद्धा.

सोल्वाय जाकिटाकडे बघत राहिली. "दुखत नाही रे. खोटं बोलले."

"का?"

"का म्हणून काय विचारतोस, म्हाताऱ्या! माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, आणि मला ती तशी नको आहे."

एस्किलने कात्री पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाला, "मोजे धुवावे लागतील." मी मातीत हात घालून खाली बघत राहिले. तिथून उठायची माझी हिंमत झाली नाही.

आता तो दर रविवारी तिच्या शेजारी बसतो आणि पानं उलटतो. एखाद्या सावकाश गीताला ती त्याला एखादी पट्टी देते.

परवा केकचं भांडं परत करायला मी तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात ती खुर्चीवर मागे रेलून बसली होती आणि तिचा उजवा पाय एस्किलच्या मांडीवर होता. तो दोन बोटांत तिचा अंगठा धरून वर न्यायचा, थांबायचा, खाली आणायचा. कॉफी टेबलावर निवत होती.

"दुखतंय?"

"जरासं. थांबू नकोस."

मी भांडं पायरीवर ठेवलं आणि आले.