एर्मिनियुची कप्पी

ध्वजाची काठी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकली. पुढे नोर्बेर्तु, मागे दोघे जण आणि त्यांच्या मागे पायऱ्यांवर, दारात, रस्त्यावर पसरलेली आमची सगळी मिरवणूक. काठी तिरपी करून पाहिली, उलटी वळवून पाहिली. टोकावरचे चांदीचे कबुतर भिंतीला घासले आणि गिलाव्याचा पोपडा नोर्बेर्तुच्या कोटावर पडला.

वर, तिसऱ्या मजल्यावर, झुल्मिरा काळ्या पोशाखात दार उघडून उभी होती.

"मी म्हटलंच होतं," नोर्बेर्तु म्हणाला. तो आमच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि हे त्याचे आवडते वाक्य.

पण या वेळी त्याने खरेच म्हटले होते. ईस्टरपासून सात आठवडे पवित्र आत्म्याचा मुकुट सात घरी राहतो. कोणत्या घरी, ते चिठ्ठ्या टाकून ठरते. त्या घराने आठवडाभर दार उघडे ठेवायचे आणि येईल त्याला जेवू घालायचे. आमच्या आज्यांनी पोर्तुगालच्या सांव मिगेल बेटावर हेच केले. आम्ही अमेरिकेत, फॉल रिव्हरच्या गिरण्यांत आलो, तरी हेच करतो.

हिवाळा सरताना हॉलमध्ये चिठ्ठ्या काढल्या. मी पुस्तके वाचतो म्हणून असली कामे माझ्याकडे येतात. एरवी चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. शेवटच्या आठवड्याची चिठ्ठी उलगडली आणि विचार करण्याआधीच मोठ्याने वाचून गेलो : एर्मिनियु पाशेकु.

एर्मिनियुला आम्ही पानगळीतच माती दिली होती. चिठ्ठी त्याच्या बायकोने, झुल्मिराने टाकली होती. लग्न झाल्यापासून ती दरवर्षी नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाकत आली आणि ती कधी निघाली नाही. यंदाही हाताच्या सवयीने टाकली.

नोर्बेर्तुने समजुतीने घेतले. चूक झाली, दुसरी काढू, असे तो म्हणाला. माणूस गेलेला, घर तिसऱ्या मजल्यावर, मावशीचे गुडघे हे असे. झुल्मिराने बसल्या जागेवरून विचारले,

"चिठ्ठी कुणी काढली?"

नोर्बेर्तुने माझ्याकडे बोट केले.

"कुंपाद्र निमित्ताला." तिच्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून ती मला कुंपाद्र म्हणते. "खरा हात कुणाचा, ते तुला ठाऊक आहे, नोर्बेर्तु. माझा नवरा गेलाय हे त्याला माहीत नसेल होय?"

नोर्बेर्तुने यादीत नाव लिहून घेतले.

मग ती कामाला लागली. आयुष्यभर पडद्यांच्या गिरणीत दुसऱ्यांच्या खिडक्या सजवल्या होत्या. आता बैठकीच्या खोलीत मुकुटासाठी पांढरी वेदी सजवली. मुलगी ओदिलिया सांगून थकली, की आई, हॉलमध्येच करू. त्या रविवारी सकाळपासून चुलीवर गोमांसाचा रस्सा उकळत होता आणि पुदिन्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

आणि आता काठी अडली होती. आमच्यात ध्वज पुढे, मुकुट मागे. ध्वज घरात गेल्याशिवाय मुकुट उंबरा ओलांडत नाही. रस्त्यावर पांढऱ्या झग्यातली मुलगी मुकुटाचे तबक धरून उभी होती. तिचे हात भरून आले होते. कोणी म्हणाले, ध्वज काठीवरून काढा. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो मागे सरकला.

"मावशी," नोर्बेर्तु वर बघून म्हणाला, "खाली फुर्तादुंकडे ठेवू. पवित्र आत्मा काय, पहिल्या मजल्यावर पण आशीर्वाद देतो."

"देतो की. चिठ्ठी पहिल्या मजल्याची निघाली होती का?"

असे म्हणून ती आत गेली. मला वाटले, रडायला गेली. मग घरामागून तिची हाक आली, "मागे या सगळे."

या जिन्यातून कधी कपाटसुद्धा चढले नव्हते. म्हणून एर्मिनियुने मागच्या गॅलरीच्या छताला लोखंडी कडी ठोकून कप्पी अडकवली होती. त्यांचा पलंग, फ्रिज, दुसऱ्या मजल्यावरच्या आयरिश बाईचा पियानो, सगळे तिथून वर गेले. तो गिरणीच्या रंगखात्यात होता. निळ्या पडलेल्या नखांनी कप्पीला वंगण घालत बसायचा. बायकोपेक्षा कप्पीचे लाड जास्त, असे झुल्मिरा त्याला चिडवायची.

आम्ही मागे गेलो, तेव्हा तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडून कप्पीतून ओवली होती आणि तिची दोन्ही टोके अंगणात लोंबत होती.

"चालते का ती अजून?" नोर्बेर्तुने विचारले.

"वंगण आहे रे. मी घालते आता."

नोर्बेर्तुने कोट काढून माझ्या हातात दिला. घरांची छपरे घालण्यात त्याचा जन्म गेला आहे. काठीला गाठ त्याने स्वतः मारली, तीनदा ओढून पाहिली, आणि मग दोरी खेचायला लागला.

काठी सरळ उभी वर निघाली. कबुतर पुढे, त्याखाली लाल रेशीम. फुर्तादुंच्या वाळत घातलेल्या चादरींशेजारून जाताना ध्वजाने वारा धरला आणि तो पूर्ण उलगडला. शेजारच्या इमारतीतली कंबोडियन माणसे आपापल्या गॅलऱ्यांत उठून उभी राहिली. आम्ही या गावात बहुतेक खाली पाहून चाललेली माणसे. त्या दिवशी अंगणातल्या सगळ्यांच्या माना वर होत्या, माझीसुद्धा. कप्पी एकदाही कुरकुरली नाही.

झुल्मिराने कबुतराखाली हात घातला, ओदिलियाने काठी आत घेतली, आणि मग मुकुट जिन्याने वर गेला.

प्रथेप्रमाणे यजमानाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा असतो. झुल्मिरा वेदीसमोरच्या बाकावर येऊन बसली. मग काही आठवल्यासारखी एका कडेला सरकली आणि शेजारी एका माणसाची जागा रिकामी ठेवली.

नोर्बेर्तु मुकुट घेऊन थांबला. आता तो काही म्हणेल, असे मला वाटले. त्याने मुकुट त्या रिकाम्या जागेवर, बसलेल्या माणसाचे डोके असते तितक्या उंचीवर क्षणभर धरला. मग तिच्या डोक्यावर ठेवला.

ती उठली, तेव्हा डोळे कोरडे होते. "बसा," ती म्हणाली, "रस्सा निवतोय."

आठवडाभर तिने कपडे वाळत घातले नाहीत. दोरी तशीच कप्पीतून लोंबत होती. जेवायला येणारे मागच्या अंगणातून येऊ लागले, आणि येताजाता त्या दोरीला हात लावत.