वायर कणगीतच राहिली

त्या दिवशी पासलीत सकाळपासून धुकं उतरलं होतं. पाऊस सरला होता, तरी डोंगर अंगातली ओल सोडायला तयार नव्हता. कापलेलं हळवं भात खाचरात पसरलेलं, ते वाळायचं नाव घेईना, म्हणून म्हादू दारात उभा राहून आभाळाला बोल लावत होता. दुपारी जरा ऊन पडलं. त्या उन्हात त्याच्या लेकीनं, वर्षाराणीनं, माझ्या अंगावरची गोधडी काढली, मला टेबलावर ठेवलं, मागं वायर लावली आणि खटका दाबला. माझ्या तोंडावर अंधारच राहिला.

मी कॉम्प्युटरचा पडदा. वर्षाराणीची आई आक्काबाई मला टीव्ही म्हणते. मी त्यावर कधी रुसलो नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते काही आठवत नाही. डोळे उघडले ते पुण्यातल्या एका हापिसात. तिथं वर्षानुवर्षं लोकांचे आकडे दाखवले. मला वाचता येत नाही, बरं का. शाळा मी पाहिली नाही. मागून वायरीतून जे येतं ते पुढं दाखवायचं, एवढंच माझं काम. पुढं तिथं रुंद पडदे आले आणि मी कोपऱ्यात पडलो. हापिसात शिपाई असलेल्या वर्षाराणीच्या मामानं मला मागून घेतलं, आणि एसटीत मला मांडीवर, डब्याला पायाशी घेऊन पासलीला आणलं. डबा म्हणजे कॉम्प्युटरचा खरा जीव. अक्कल सगळी त्याच्यात, मी नुसतं तोंड.

हितं मला सुख लागलं. वर्षाराणी माझ्यासमोर बसून लग्नपत्रिका बनवायची, जत्रेचे फलक बनवायची. नवरा-नवरीची नावं फुलांच्या वेलीत बसवताना तिची जीभ जरा बाहेर यायची. असं माणूस समोर असलं की आपलं वय विसरायला होतं.

पण इथला पाऊस वाईट. भिंतीला बुरशी, कपड्यांना वास. एकदा म्हादूचा मोबाईल ओढ्यात पडला. आक्काबाईनं तो तांदळाच्या कणगीत पुरून ठेवला आणि तो पुन्हा बोलायला लागला. तेव्हापासून तिची कणगीवर देवासारखी श्रद्धा बसली. बॅटरी कणगीत, काड्यापेटी कणगीत, रेडिओचे सेल कणगीत. यंदा मला गोधडीत गुंडाळलं आणि मला डब्याशी जोडणारी वायर कणगीत गेली. वायरीच्या तोंडात सुयांसारख्या बारीक तारा असतात. त्या तारांमध्ये तांदळाची एक कणी जाऊन बसली. मला कळत होतं. वायर माझ्या पाठीला टेकत होती, पण भिडत नव्हती. कळून काय उपयोग? मला बोलता कुठं येतं?

आणि नेमकं त्याच वेळी गेनबाचं काम आलं होतं.

गेनबा शेजारचा म्हातारा. त्याची बायको ठकुबाई गेल्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्ध तोंडावर, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. कुणी मोबाईल उचलला की ही बाई पदर तोंडावर ओढायची, नाहीतर चुलीमागं दडायची. फक्त एकदा, सारोळ्याला भाचीच्या हळदीत, ती जात्यावर बसलेली असताना हनमंत भाच्यानं गुपचूप फोटो काढला. हनमंताचा मोबाईल पुढं हरवला. पण त्याआधी त्यानं फोटो वर्षाराणीच्या डब्यात उतरवून ठेवला होता. म्हणजे जगात ठकुबाईचं तोंड उरलं होतं ते त्या डब्यात, तेही बायकांच्या घोळक्यात, एवढंसं. गेनबाच्या अधू डोळ्यांना मोबाईलवर ते कधी दिसलंच नव्हतं. वर्षाराणीनं शब्द दिला होता, आबा, श्राद्धाच्या आधी मोठं करून देते.

आणि मी काळाठिक्कर.

खटका दाबला की माझ्यावर क्षणभर इंग्रजी अक्षरं यायची. वर्षाराणीनं वाचून सांगितलं की डब्याकडनं काही येत नाही असं लिहिलंय. म्हादू म्हणाला, लिहितोय कोण? ह्योच ना? मंग आपला गुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय. अंधार माझ्या तोंडावर, म्हणून गुन्हेगार मी. त्यानं माझ्या डाव्या अंगाला एक चापट मारली, मग उजव्या. जुना रेडिओ असाच वळणावर यायचा म्हणे.

वर्षाराणीनं मला गोधडीत बांधून दोन एसट्या बदलत भोरला नेलं. निघताना आक्काबाईनं माझी वायर उपसली आणि परत कणगीत घातली. वाटेत भिजायला नको, म्हणून.

भोरच्या दुकानात गोरख नावाचा मिस्त्री होता. त्यानं आपली वायर माझ्या पाठीला लावली आणि मी लख्ख उजळलो. हिरवीगार टेकडी दाखवली मी त्याला. तो हसून म्हणाला, “ताई, ह्याला काय धाड भरलीय?”

घरी आलो. कणगीतली वायर लावली. अंधार.

आता सगळ्यांची खात्री पटली की घरातच काहीतरी आहे. आक्काबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्याही टाकल्या. सगळ्या आळीला ठसका लागला, मी तसाच. कुणी सांगितलं तोंड पूर्वेला करा. केलं. उगवत्या सूर्याकडं तोंड करून मी काळा राहिलो. म्हादूनं भैरवनाथाला नारळ कबूल केला. मग पोरीला काही विचारता येत नाही म्हणून तो स्वतः मला भोरला घेऊन गेला. आक्काबाईनं वायर कणगीत घातली. गोरखनं पुन्हा मला उजळवून दाखवलं. म्हादू त्याच्यावर तणतणला, तेव्हा तो म्हणाला, “काका, त्यो तुमच्याकडं रुसतो आन् हितं हासतो. त्याला मी काय करू?”

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी कुणावर चिडलो नव्हतो. पण त्या दिवसांत चिडलो. पाठीमागं बघा, अरे, पाठीमागं. सगळे माझ्या तोंडाकडंच बघायचे. माणसाची ही सवयच आहे.

गेनबा रोज यायचा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा, उंबऱ्यापाशी बसायचा आणि एकच शब्द विचारायचा, “आज?” वर्षाराणी मान हलवायची. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत बसायचा आणि टोपी घालून निघून जायचा. त्याच्या त्या बघण्यापुढं म्हादूच्या चापटा बऱ्या होत्या.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मात्र त्यानं विचारलं नाही. बसला आणि हळूच म्हणाला, “ऱ्हाऊ दे पोरी. तिच्याच मनात न्हाई. जित्तेपणी कुणाला तोंड दावलं न्हाई, आता कशाला दावंल?”

वर्षाराणीला रडू आलं. तिनं गोरखला फोन लावला. तो म्हणाला, पडदा दोनदा बघितला, ठणठणीत आहे. डबा उचलून आणण्याआधी वायर तरी बघा.

“आई, वायर कुठंय?”

“हाय की कणगीत. कोरडी ठाक.”

“तू दर बारीला ती कणगीत घालतीस?”

“मंग काय वाऱ्यावर टाकू?”

आक्काबाई उद्याच्या श्राद्धासाठी तांदूळ काढायलाच निघाली होती. गेनबाच्या घरात आता रांधणारं कुणी नव्हतं. तिनं कणगीतनं तांदळाबरोबर वायरही ओढली आणि तांदूळ झटकायला सुपावर आपटली. चार-दोन दाणे वायरीच्या तोंडातनं टपटप पडले. आक्काबाईचा हात थांबला. वायर डोळ्याजवळ नेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं गळ्यातल्या पोतीत अडकवलेली काटा काढायची सुई काढली आणि तारांमधली ती कणी हळूच उकरून काढली.

म्हादू म्हणाला, “आता त्यो नारळ भैरवनाथाला फोडू का कणगीला?”

आक्काबाई म्हणाली, “माझ्या डोक्यात फोडा.” आणि आधी तीच हसली.

मी आता म्हातारा झालोय. एका कोपऱ्यात पिवळा डाग पडलाय, किती दिवस चालेन ठाऊक नाही. बंद पडलो तर माझं खुशाल भंगार करा. मागणं एवढंच आहे की कुणाच्या तोंडावर अंधार दिसला, तर त्याला बडवण्याआधी त्याच्या पाठीला काय अडकलंय ते बघा.

त्या दिवशी वायर पाठीला भिडली तेव्हा माझ्या अंगात ऊब खेळली. वर्षाराणीनं सारोळ्याची हळद उघडली, घोळक्यातनं एक तोंड निवडलं आणि मोठं करत नेलं. इतकं मोठं, की माझ्या चारही कडांना भिडलं. हातात जात्याचा खुंटा, गालाला हळद, पदर खांद्यावर घसरलेला, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर तोंड भरून हसणारी ठकुबाई.

गेनबा उठून जवळ आला. माझ्या कडेवर त्यानं हात ठेवला. तो हात चापटीचा नव्हता. वर्षाराणीकडं नाही, म्हादूकडं नाही, मलाच तो म्हणाला,

“जरा धरून ठेव बाबा तिला. लई लाजाळू हाय, परत लपंल.”