दोन हप्ते राहिलेला मजकूर

माझ्यावर बसून लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं. आज मी बोलतो. मी सिंदीतल्या एका साप्ताहिकाच्या ओसरीवरचा सागवानी बाक.

तानबा सुतारानं मला घडवलं. एक पाय आखूड राहिला, म्हणून त्याखाली त्यानं लाकडाची चकती ठोकली. साप्ताहिकाचे संपादक महादेवराव यांनी मला छापखान्याच्या ओसरीवर ठेवलं आणि अंकात छापलं, की वाचकांनी दर बुधवारी यावं, आपल्या गावच्या अडचणी सांगाव्यात.

लोक येऊ लागले. कापूस पिंजणाऱ्या जिनातल्या बाया रुईच्या धुळीनं खोकत यायच्या. कुणाच्या पायातून नारू निघालेला, कुणाचं घरच्या घर हिवतापानं निजलेलं. महादेवराव सारं टिपून घ्यायचे. नाल्यात घाण सोडू नका, पाणी उकळून प्या, असं कळकळीनं लिहायचे. मला त्यांचा अभिमान वाटे.

१९५५ च्या श्रावणात तानाबाई आली. जवळच्याच एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत ती राहायची. सोबत तिचा थोरला मुलगा प्रेमदास होता. तो जिनात कामाला होता आणि दर अंक वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. महादेवरावांनी बसा म्हटलं तरी तानाबाई जमिनीवरच बसायला लागली. प्रेमदासनं तिला हाताला धरून माझ्यावर बसवलं. ती कडेला, अर्धीच टेकली.

"भाऊ, तुमी लिहिलं पानी उकळून प्या," ती म्हणाली. "आमी नाल्यात खनलेल्या झिऱ्याचं पानी पितो. गावाची सारी घान वरून त्याच नाल्यात येते. गावची विहीर आमच्या घरापासून पन्नास पावलावर हाये. तिच्यावर आमाले चढू देत नाईत. हे काऊन नाई लिहिलं?"

महादेवरावांनी सगळं विचारून घेतलं आणि त्याच दुपारी मजकूर लिहून काढला.

सोमवारी प्रभाकरराव आले. ते कापडाचे व्यापारी, पहिल्या अंकापासूनचे वाचक. माणूस वाईट नव्हता. छापखान्यात जुळवलेला तो मजकूर त्यांनी वाचला आणि तो खरा आहे हे कबूल केलं. फक्त एवढंच म्हणाले, "हा हप्ता राहू द्या, महादेवराव. सणासुदीचे दिवस हायेत. गावात भांडनं लागतीन."

त्या मजकुराचे जुळवलेले छपाईचे खिळे बाजूला काढले गेले. त्या जागी डासांवरच्या फवारणीची बातमी गेली. पुढच्या हप्त्यातही मजकूर राहिलाच. महादेवराव त्या दिवसांत ओसरीवर फारसे बसले नाहीत.

मग वस्तीत पटकी आली. तीन दिवसांत पाच माणसं गेली.

त्यानंतरच्या बुधवारी तानाबाई एकटीच आली. ती माझ्यावर बसली नाही. महादेवरावांनी प्रेमदासबद्दल विचारलं.

"पेपर वाचून दाखवनारा गेला, भाऊ," ती म्हणाली. "सकाळी हगवन लागली. सांजेले गेला. सांगाले आली, आता आमच्याकडं अंक नका धाडू."

महादेवराव आत गेले आणि बाजूला काढलेले खिळे परत जुळवायला दिले. पुढच्या अंकात तो मजकूर पहिल्या पानावर आला. वर त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं होतं, "हा मजकूर दोन हप्त्यांपूर्वी छापायचा होता. तो मी भीतीपोटी मागे ठेवला."

चिडलेल्या वाचकांकडून अंक परत येऊ लागले. बुधवारची ओसरी ओस पडली. टोचणीवाले डॉक्टर वस्तीत जाऊन आले, झिऱ्यात लाल औषध पडलं. पण गावची विहीर काही खुली झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीनं स्वतःची विहीर खणली. महादेवराव तिथं रोज फावडं घेऊन जायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नकोही म्हटलं नाही.

छप्पनच्या दिवाळीनंतर तानाबाई पुन्हा आली. वस्तीतल्या लोकांबरोबर ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. या खेपेला ती आपणहून माझ्यावर बसली, मधोमध, आणि म्हणाली, "तो अंक वाचून दाखवा. मी आयकलाच नाई."

महादेवरावांनी वाचला. तानाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं लिहिलं, भाऊ," ती उठता उठता म्हणाली. "पोराच्या तोंडून आयकावं, असं वाटे."

अठ्ठावन्न साली साप्ताहिक बंद झालं. महादेवराव बहिणीकडे समुद्रपूरला गेले. मी आता दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. आजारी माणसं माझ्यावर बसून आपल्या गावच्या पाण्याविषयी बोलत असतात. मला सगळं ऐकू येतं. मला लिहिता येत नाही. तुमच्यापैकी ज्याला येतं, त्यानं इथं येऊन जरा बसावं. आणि ऐकलं ते त्याच हप्त्यात छापावं.